काळजावरचा थर

३ जानेवारी २०१७
पोराने, सूरजने, जबरदस्तीने पुण्यात हार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जिना चढताना धाप लागली, एवढंच निमित्त. जिन्याच्या पायऱ्याच उंच होत्या. आयटीच्या पोरांसाठी होस्टेल बांधलंय मी, मला जिना कळतो.
मंदाकिनीबाई वयाने माझ्या सुनेएवढ्या. म्हणाल्या, ठोक्यांना ताल नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत करंट सैरावैरा पळतोय. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. स्कॅनमध्ये हृदयाभोवती चरबीचा जाड थर दिसला. तो नुसता बसून राहत नाही, शेजारच्या स्नायूला सूज आणतो, त्याने करंट आणखी बिघडतो. ताल गेला की रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका, वजन उतरवा.
मी हसून घेतलं. पोट आहे, कबूल. पण कबड्डीत हिंजवडीची अब्रू राखलेलं हे काळीज. त्यावर चरबी असेल तर राखणीलाच असेल.
निर्णय : उद्यापासून व्यायाम. गोळी नाही. रक्त म्हाताऱ्यांचं पातळ करतात.

४ जानेवारी
थंडी फार. उद्या.

७ जानेवारी
चालायला निघालो. कंपन्यांच्या बसचा धूर इतका, की चालणंच हृदयाला घातक. चौकात मिसळ खाऊन परत. चालल्याने भूक उत्तम लागते. हा फायदा बाईंनी सांगितला नव्हता.

११ जानेवारी
सूनबाईंनी, म्हणजे निशाने, मनगटाला नाडी मोजायचा पट्टा बांधला. आकडा माकडासारखा उड्या मारतो. माल डुप्लिकेट. बायकोच्या, मैनेच्या, हाताला बांधून पाहिला तर गुमान चालला. लेडीज मॉडेल असणार.
मैना सकाळी गोळी हातावर ठेवते. मी ती पाण्यात सोडतो. बेसिनच्या.

१४ जानेवारी
संक्रांत. गूळपोळी तुपाशिवाय खाल्ली तर आमच्या घराण्याला चालत नाही. मैना म्हणाली, असं तिने कधी ऐकलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, घराण्याच्या गोष्टी हिला अजून कळायच्यात.

२३ जानेवारी
होस्टेलमधला तेजस आला. अकोल्याचा, सज्जन मुलगा, पण आज चुकला. सव्वीस तारखेला आयटीवाले विरुद्ध गाववाले अशी रस्सीखेच आहे, काकांनी पाहुणे म्हणून खुर्चीवर बसून शिट्टी वाजवावी, म्हणाला.
खुर्चीवर. मला.
सांगितलं, गावाच्या बाजूने शेवटचा गडी मी. दोर कमरेला गुंडाळून उभा राहणार. सूरज काहीतरी बोलायला लागला, त्याला बसवलं. शेवटच्या गड्याला वजन लागतं. वजन उतरवलं नाही ते किती शहाणपणाचं होतं, आज कळलं.

२६ जानेवारी
पहिला डाव आम्ही जिंकलो. लिहून ठेवतो, कारण घरात कुणी त्याचं नावही काढत नाही.
दुसऱ्या डावात छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडलं. डोळ्यांपुढे अंधार. दोर सुटला तो मैदानात ओल होती म्हणून. आमच्याच बाजूचा दशरथ म्हणाला, मैदान तर कोरडं ठणठणीत आहे. तो पुढे उभा होता, त्याला मागची ओल काय दिसणार?
तेजस आणि त्याच्या मित्रांनी मला उचलून खुर्चीवर बसवलं. तीच खुर्ची.

२८ जानेवारी
सकाळी चहाचा कप हातातून पडला. उजवा हात जड. मैनेला म्हणायचं होतं, फडकं दे. तोंडातून भलतंच काहीतरी आलं. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. हात झोपेत अवघडला होता, बाकी काही नाही, असं मी समजावलं.
मैना फरशी पुसत होती. पुसून झाल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "दोर सुटला ते गावानं चालवून घेतलं. हात सुटला तर मी चालवून घ्यायची न्हाय. गोळी घेत होता का तुमी, खरं सांगा."
मी बेसिनकडे पाहिलं. का पाहिलं, कळत नाही.
तिने सूरजला गाडी काढायला लावली.

३१ जानेवारी
हॉस्पिटल. मंदाकिनीबाई म्हणाल्या, बारीक गुठळी होती, आपोआप विरघळली. पुढची विरघळेलच असं नाही. मी म्हणालो, म्हणजे माझ्या मेंदूने गुठळीला हरवलं. बाईंनी मान वर केली नाही. वजन उतरलं तर हृदयावरचा थरही पातळ होतो, ठोकेही सुधारू शकतात, असं त्या मैनेला सांगत होत्या. माझ्या हृदयाचं बोलणं आता माझ्याशी होत नाही.
गोळी घेतली. मैनेने तोंड उघडून दाखवायला लावलं. नर्स हसली.

६ फेब्रुवारी
घरी. नवा संकल्प : दोन महिन्यांत थर खलास. पुढच्या वर्षी पुन्हा शेवटचा गडी. दशरथला कळवलं. तो बरं म्हणाला आणि विषय बदलला.

१२ फेब्रुवारी
मैनेबरोबर चालायला गेलो. लग्नापासून मी पुढे आणि ती मागे, हीच आमची रीत. आज माण गावच्या रस्त्याला लागलो आणि ती पुढे गेली. मुद्दाम नाही. ती तिच्या नेहमीच्या चालीने चालत होती. मी आंब्याखाली थांबून मोहोर पाहिला. मग विजेचा खांब पाहिला. पुढे पाहण्यासारखं काही नव्हतं.
हाक मारून म्हणालो, जरा हळू चाल.
ती थांबली. मी पोचल्यावर हळू चालायला लागली.
तरीही पुढेच होती.