किती नग?

मंगळवार, संध्याकाळ

आज कुपवाडला आमच्या फाउंड्रीत साताऱ्याचे एक गृहस्थ आले. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन बसले. आत पाण्याच्या पंपाचं तडकलेलं झाकण होतं, त्यांच्या जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाडीचं. मी सवयीनं विचारलं, "किती नग?"

"एकच. गाडीच जगात एक आहे, वहिनी. तिथल्या कारागिरांनी एका शौकिनासाठी हातानं घडवली. दुसरी केलीच नाही."

एका नगासाठी साचा करायचा, भट्टी पेटवायची? मी नाही म्हणणार, तोच आमचे हे पुढं झाले. "करू की! लय झ्याक चीज हाय." ह्यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झालीय, डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहायला बजावलंय. पण ऐकतील तर शपथ! रागानं मी गृहस्थांसमोरच बोलले, "आमचे हेपण एक नगच आहेत!"

हे हसले. गृहस्थ हसले नाहीत. टॉवेलाची घडी घालत म्हणाले, "मग जपा. असल्यांचे सुटे भाग मिळत नाहीत."

तेव्हा मीही हसले होते. मग आता का डोक्यातून जात नाही? लग्न झाल्यापासून ह्यांना नग म्हणतेय. चारचौघांत, चेष्टेनं, वैतागानं. कधी विचार केला होता का, काय म्हणतेय त्याचा?

बाहेरच्या खोलीत हे ते झाकण उलटंपालटं करत बसलेत. आजारपणानंतर पहिल्यांदा शीळ घालतायत. आता अडवणार तरी कशी?

साचा झाला की ओतकामाला मी उभी राहीन. ह्यांनी खुर्चीतून सांगायचं. खुर्ची दाराशी, भट्टीपासून लांब. नग एकच आहे.