पहिल्या पुलावरची फळी

प्रिय बारक्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, हे मला कळतं. पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव पदवीसकट लिहिलं आहे, तेव्हा आत मी काय म्हणते ते तुझ्या ऑफिसात कुणाला कळायचं कारण नाही. फोन केला नाही, कारण आपल्या घरात फोनवर बोललेलं बाबांच्या खोलीत जसंच्या तसं ऐकू जातं. ई-मेल केली नाही, कारण तुझी ई-मेल तुझ्याआधी तुझी ती मदतनीस वाचते असा माझा संशय आहे. म्हणशील, झालं, फौजदार लागली कामाला. माझं हे नाव घरात तूच पाडलंस, आता भोग. वीस तारखेला तू येणार आहेस आणि तुझ्या गेममधला शेवटचा पूल बाबा पार करतानाचं चित्रण करणार आहेस. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

बाबांची तब्येत तशी ठीक आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर चालणं सुधारलं, बोलणं तर पहिल्यापेक्षा जास्त झालं. उजवा हात मात्र अजून रुसलेलाच आहे. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात आणि मी मदतीला गेले की दार लावून घेतात. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली होती की गेम खेळले तर अंगठ्याला बरंच, म्हणून तू टीव्हीला जोडायचा तो गेमचा डबा आणि तुझा नवा गेम पाठवलास तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. बाबा त्या कंट्रोलरला अजून रिमोट म्हणतात. आयुष्यभर गेमचं पार्लर चालवलेला माणूस, पण दांडा आणि दोन बटणं याच्या पुढचं सगळं त्यांच्या लेखी रिमोटच.

संशय यायला सुरुवात झाली ती तुमच्या रविवारच्या फोनवरून. तू विचारलंस, घंटेच्या मनोऱ्यापर्यंत पोचलात का? आणि बाबा म्हणाले, हो तर, त्या घंटेचा नाद काळजाचा ठाव घेतो. मी भाजी चिरत होते, माझी सुरी तिथेच थांबली. अरे, हा माणूस आईच्या स्वयंपाकालासुद्धा तीस वर्षं 'बरं आहे' म्हणत आला. माझ्या लग्नाला बरं झालं म्हणाला आणि माझ्या घटस्फोटालाही बरं झालंच म्हणाला. त्याच्या तोंडी काळजाचा ठाव कुठून आला? तुला तिकडे आनंदाने हुंदका आल्यासारखं झालं, ते मला फोनमधून ऐकू आलं. तुला शंका आली नाही. कौतुक ऐकताना कुणालाच येत नाही.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. मी कॉलेजातून घरी येण्याच्या वेळी टीव्हीचा आवाज एकदम बंद होतो. कंट्रोलर जागेवर असतो, पण हातात घ्यावा तर गरम. विचारलं तर म्हणतात, जरा चाळा. मला वाटलं, औषधं चुकवतात की काय, की पडले बिडले आणि लपवतात. गोळ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. गुडघे पाहिले, खरचटलेले नव्हते. मग एका मंगळवारी दुपारचा तास दुसऱ्या बाईंना देऊन मी लवकर आले आणि आवाज न करता दार उघडून बाहेरच्या खोलीत बूट न काढता उभी राहिले. आतून तुझ्या गेममधल्या टपालवाल्याची पावलं ऐकू आली, मग फळी मोडल्याचा आवाज, मग पाण्यात पडल्याचा आवाज आणि ती चार सुरांची धून. पुन्हा पावलं, फळी, पाणी, धून. मी सतरा वेळा ऐकलं. सतराव्यांदा पडल्यावर बाबा टपालवाल्याला म्हणाले, चल बाबा, कपडे वाळले असतील, ऊठ.

ते फिरायला गेल्यावर मी डबा सुरू केला. टपालवाला किती वेळा पडला तो आकडा कोपऱ्यात दाखवायची गंमत तुझीच ना? लोकांना ती फार आवडली म्हणे. तो आकडा होता एक हजार दोनशे आठ. आणि जागा होती पहिला पूल. मनोरा नाही, तळं नाही, काही नाही. तुझा टपालवाला तीन महिने त्याच पुलावरून पाण्यात पडतो आहे. पायाखालची फळी निसटायच्या आत अंगठ्याने उडी मारायची, एवढंच तर करायचं आहे. बाबांचा अंगठा तिथे पोचतो, पण फळी पडून गेल्यावर.

मग घंटेचा नाद कुठून आला, तेही शोधलं. फौजदारकी अर्धवट सोडायची नसते. त्यांच्या उशीखाली एक वही सापडली. इतर लोक तुझा गेम खेळताना दाखवतात ते व्हिडिओ बाबा बघतात आणि डाव्या हाताने टिपणं काढतात, पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखी. 'दुसरा टप्पा, मनोरा, घंटा. नाद काळजाचा ठाव घेतो असं सांगणे.' 'तिसरा टप्पा, तळं. पक्ष्याबद्दल विचारणे, त्याला पक्षी आवडतो.' तिसरं पान तुझ्या एका प्रश्नाचं होतं, ज्याचं उत्तर त्यांना देता आलं नव्हतं, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मी वही होती तशी ठेवली. मला रडू आलं आणि रागही आला. राग तुझा आला, हे लिहून टाकते.

आता दुसरी गोष्ट. पहिलीशी तिचा काय संबंध ते कळेलच. यंदा माझ्याकडे पहिल्या वर्षाला गेम डिझाइनची ओळख आणि इतिहास हा विषय आहे. तुझ्यासारखे गेम बनवणारे मोठे, आणि ते कसे बनले हे सांगणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरणी. मी पोरांना सांगते की सुरुवातीला प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून एकाने पडद्यावर चेंडूचा ठिपका नाचवला, तिथे कुणाला कुणाला हरवायचं नव्हतं. मग नाण्यांची यंत्रं आली आणि नवख्याला दोन-तीन मिनिटांत मारायची कला आली, तीही अशी की मेलेल्याला वाटावं चूक आपलीच झाली. मग यंत्रं घरात आली, नाणं गेलं, पण मारायची खोड राहिली, कारण छोटासा गेम पुरवून पुरवून वापरायचा होता. सोपं, मध्यम, कठीण अशी निवड पडद्यावर सरसकट दिसायला बराच काळ गेला. त्याआधी ती निवड असायची, पण यंत्राच्या पोटात, मालकाच्या हातात. हे पोरांना डोळ्यांनी दाखवावं म्हणून मी बाबांचं अडगळीत ठेवलेलं शेवटचं यंत्र कॉलेजात नेलं. ज्याच्यावर तू माझा विक्रम मोडलास तेच.

बाबांनी आढेवेढे घेतले. धूळ आहे, वायर कुरतडली असेल, कुणाला शॉक बसेल. मला तेव्हाच वास यायला हवा होता. तासाच्या आधी, वर्गात कुणी नसताना, मी यंत्राचं मागचं दार उघडलं. आत टाचणीच्या डोक्याएवढे आठ पांढरे खटके, जे खाली-वर केले की शत्रू जलद किंवा मंद होतात. आणि दाराच्या आतल्या बाजूला बुटांच्या खोक्याचं झाकण चिकटवलेलं, त्यावर बाबांचं पेन्सिलीतलं, धडधाकट उजव्या हाताचं अक्षर. शनिवार, रविवार, गर्दी, कठीण. बाकी दिवस मध्यम. आणि त्याखाली, बारक्या, रोज चार ते पाच, सगळ्यात सोपं.

मी आधी माझं नाव शोधलं, खरं सांगते. वर्षानुवर्षं मला एक संशय होता, की ती दोन वर्षं फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर राहिलं ते बाबांच्या मेहेरबानीने. यंत्र बंद केलं की आकडे विसरायचं, म्हणून बाबा ते दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचे, आठवतं? माझं नाव त्या झाकणावर कुठेच नव्हतं. माझा विक्रम शनिवारचा होता, भर गर्दीतला. आणि तू तो मोडलास बुधवारी, साडेचार वाजता. मी पंधरा वर्षांची होते. बाबांनी माझं नाव ओल्या फडक्याने पुसलं, तुझं लिहिलं आणि सगळ्यांना सरबत पाजलं. त्यानंतर मी त्या दांड्याला हात लावला नाही. मी गेम बनवायच्या ऐवजी शिकवायला लागले याचं कारण तो फळा नाही, असं मी लोकांना सांगत आले आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पोरं आली, मी तास घेतला. झाकण दाखवलं नाही.

घरी येऊन बाबांसमोर ते झाकण ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "तो रडायचा गं. तू रडायची नाहीस." मी म्हटलं, मला रडता येत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? त्यावर म्हणाले, "तुला सोपं करून दिलं असतं तर तुला पहिल्या मिनिटात कळलं असतं. आणि तू मला कधी माफ केलं नसतंस." मग त्यांनी डाव्या हाताने झाकण माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "त्याला सांगू नकोस." मी बरं म्हटलं. आपल्या घरात बरं या शब्दात काहीही बसतं.

तर मी शब्द मोडते आहे, आणि त्याला कारण तूच आहेस. परवा एका विद्यार्थिनीने तुझी मुलाखत वर्गात आणली. तू म्हणाला आहेस, माझ्या वडिलांच्या पार्लरमध्ये मला एकदाही सवलत मिळाली नाही, म्हणून माझ्या गेममध्ये सोपा पर्याय नाही आणि माझ्या हयातीत येणारही नाही. तुझी माणसं वर्षभर मागे लागली होती तरी तू बधला नाहीस, असंही अभिमानाने छापलं आहे. त्या पोरीने मला विचारलं, मॅडम, हे बरोबर आहे का? तिच्या मनात डिझाइनचा प्रश्न होता. मी पाणी प्यायले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

आणि गेल्या रविवारी तू ते चित्रणाचं काढलंस. बाबा हो म्हणाले. नाही कसं म्हणणार, त्यांच्या वहीप्रमाणे ते शेवटच्या पुलापाशी पोचलेले आहेत. फोन ठेवल्यापासून त्यांचा घास नीट जात नाही. आता माझ्यापासून लपवायचंही सोडलं आहे, सकाळपासून त्या पुलावर असतात. अंगठा सुजला आहे, त्यावर मी पट्टी बांधते आणि काय झालं ते विचारत नाही. काल पाच फळ्यांपैकी तीन ओलांडल्या. मला हाक मारून दाखवायला बोलावलं आणि मी पोचेपर्यंत टपालवाला पाण्यात होता.

म्हणून हे पत्र लिहिलं. मला जुना फळा नको, विक्रमाची फेरतपासणी नको, तुझ्या मुलाखतीची दुरुस्तीही नको. तुमच्याकडे तो अपडेट नावाचा प्रकार असतो ना, आपोआप येतो आणि कुणाला काही विचारत नाही, तो वीस तारखेच्या आधी पाठव. सगळ्यांसाठी पाठवलास तर मास्तरीण म्हणून मला आनंदच होईल, पण आपल्या एका डब्यापुरता पाठवलास तरी चालेल. फळी जरा उशिरा पाड. बाबा खटक्यांतला माणूस आहे, पहिल्या उडीतच ओळखतील आणि काही बोलणार नाहीत. रविवारी ते तुला घंटेबद्दल पुन्हा सांगतील, बहुतेक 'बरी आहे' एवढंच सांगतील, तेव्हा समज की खरंच ऐकली. हे सगळं तुला नवं असेल तर तुला लागेल, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण नवं आहे का, याचाच मला संशय आहे रे. शाळेतली पोरं तुला शनिवारी खेळायला बोलवायची आणि तुझं पोट दुखायचं. रविवारीही दुखायचं. चार ते पाच सोडून तू त्या यंत्राजवळ कधी उभा राहिल्याचं मला आठवत नाही, आणि मी दोन दिवस झाले आठवते आहे. याचं उत्तर मला देऊ नकोस. फळी तेवढी उशिरा पाड.

तुझीच,
फौजदार ताई