बशीतलं हृदय आणि दाजींची गोळी

३ जाने., नांदेड
गौरीनं आज प्रयोगशाळा दाखवली. भाची माझी, पण तिथं विद्यार्थी मी. उंदराच्या हृदयातल्या पेशी बशीत आपल्या आपण धडधडताहेत. देह नाही, मालक नाही. संस्कृतात 'हृदय' शब्दावर पानंच्या पानं पाठ केली, पाहिलं आज.
एका बशीत आधी अर्जुनसालीचा अर्क, दुसरीत नुसतं पाणी. मग दोन्हींचा प्राणवायू तोडला. पाण्याच्या बहुतेक गार; अर्काच्या बऱ्याच चालू. अशा इजेत मोकाट सुटणारे रेणू सालीतली अँटिऑक्सिडंट आवरत असावीत.
"मामा, एवढ्यात नाचू नका. अजून खूपदा करून बघायचंय."
नाचलो नाही. डोललो.

४ जाने.
पेपरला बातमी पाठवली. 'असावीत', 'बशीत', 'उंदराच्या' मुद्दाम पेरलं.

५ जाने.
छापून आली. 'अर्जुनसालीने हृदयरोगावर मात'. असावीत गेलं, बशी गेली, उंदीरही गेला. नाव तेवढं माझं राहिलं. तरी कात्रण लातूरला दाजींना धाडलं. लेकीचं कौतुक बापाला नको?

९ जाने.
ताईचा फोन. दाजींनी कात्रण दुकानात चिकटवलं, खाली सालीच्या पुड्या. ते चालेल. पण रोज इष्टलिंगाची पूजा झाली की सालीचा काढा, आणि हृदयाच्या गोळ्या बंद. मागच्या वर्षी अटॅक, स्टेंट... लगेच दाजींना फोन लावला.
दाजी : "पंडित, तूच छापलास की. आता पलटून राहिलास व्हय?"
मथळा माझा नाही म्हणालो.
"नाव कुणाचं हाय?"

११ जाने.
लेकीचं काम बघायला म्हणून दाजींना नांदेडला आणलं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. हात नकळत छातीवरच्या लिंगावर. बराच वेळ तसेच.
"लई धडधडून राहिल्यात गं." मग, "ह्यांना काढा कवा दिलता?"
"इजेच्या आधी, अप्पा. इजेनंतर दिला तर काय होतं, ते अजून बघितलंच नाही. तुमची इजा होऊन गेलीय."
 
घरी आल्यावर गोळी घेतली, प्रसाद घेतल्यासारखी. काढ्याचं डॉक्टरांना विचारणार म्हणे. आणि गौरीला, "ते नंतरचं कवा बघतीस? पैला फोन मला."

१६ जाने.
आज नंतरच्या बशा. मी नको असताना हजर. सकाळपासून दाजींचे फोन.
"गोळी घेतली का?"
"घेतली. तू पेशींचं सांग."
काय सांगू. आधी इजा, मग अर्क, आता वाट. मघाशी एक पेशी हलली, बहुतेक.
गौरी म्हणते, टेबल हललं.
पुन्हा डोळा लावला.