मीठ, साखर आणि वाळू

बाई, आज माझ्या वर्गात एका मुलीनं ओळखायला दिलेली पांढरी पूड चाटली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तुमचंच वाक्य बाहेर आलं, "उद्या बशीत विष असेल तर?" थळच्या शाळेत मी दहावीत होते तेव्हा तुम्ही मला हेच म्हणाला होतात. दोन बशा होत्या, एकीत मीठ, दुसरीत दळलेली साखर. न चाखता ओळखायच्या होत्या. मी बोट बुडवून चाटून मोकळी झाले. तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं, आता शाळा पुरे. आईलाही तेच हवं होतं. मासळी सुकवायला तिला हात कमी पडत होते.

संध्याकाळी चौलला घरी जाणारी तुमची एसटी सोडून तुम्ही आमच्या दारात उभ्या. आई चुलीपुढे. तुम्ही पदर खोचून तिच्याशेजारी बसलात, दोन जुन्या पळ्या मागून घेतल्यात आणि एकीत साखर, दुसरीत मीठ घालून विस्तवावर धरल्यात. साखर वितळून तपकिरी झाली. मीठ तडतडलं, पण होतं तसंच राहिलं. "मीठ नाय वितळत, बाई," आई म्हणाली, "ह्ये मला ठावं हाय."

मग तुम्ही पिशवीतून चौकोनी बॅटरी, वायरी आणि मण्याएवढा लाल दिवा काढता. सुक्या मिठात वायरी खुपसल्या तर दिवा लागत नाही. मिठाच्या पाण्यात लगेच लागतो. साखरेच्या पाण्यात पुन्हा नाही. "मीठ आयनिक, ताई. त्यातले भारित कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून चुलीला दाद देत नाहीत. पाण्यात सुटे होतात आणि वीज नेतात. साखर सहसंयुज, तिच्या रेणूंवर भारच नसतो."

आईनं कालवण खाली उतरवलं. "मंग वाळू? ती पन वितळत नाय. ती मिठाची बहीन का?"

तुम्ही केवढ्यानं हसलात! "नाही हो. वाळू पाण्यात विरघळते का? दिवा लावते का? तीही सहसंयुजच, पण तिच्या अणूंचं जाळं फार पक्कं. म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. आणि खरं सांगू? हा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता."

शाळेची पायरी न चढलेली माझी आई वायरी हातात घेऊन पुन्हा मिठाच्या पाण्यात बुडवून बघू लागली. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या जा शाळंत. मासलीचं मी बघीन."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्या पाठांच्या टाचणवहीतच राहील. म्हणून खरं लिहायला हरकत नाही. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणगावला, शाळेच्या प्रयोगशाळेत होते. रजा मिळाली नाही, असं मी आईला सांगितलं. मी ती मागितलीच नव्हती, बाई. तुम्हाला न बोलता पडलेलं बघायचं धाडस मला झालं नाही.