एका बहिणीसाठी विनंती

३१ ऑगस्ट, शनिवार
नव्या घरात आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर गॅलरी. गॅलरीतून चर्चचा मनोरा दिसतो. आजपासून समाधानी राहायचं ठरवलं आहे.

जुन्या ठिकाणी ते शक्यच नव्हतं. तिथल्या मंडळीला खरं बोललेलं झोंबायचं. क्वायर बेसूर आहे, प्रवचन लांबतं आणि बाकांचं पॉलिश गेलंय, एवढंच म्हटलं होतं, तेही प्रेमाने. शेवटी त्यांनीच आम्हाला दुसरं चर्च सुचवलं. घर शोधून दिलं. सामान हलवायला माणसंसुद्धा पाठवली. तशी वाईट नव्हती मंडळी.

निघताना ही शेजारणीच्या गळ्यात पडून रडली. हिला बदल झेपत नाही. इथे सांभाळून घ्यावं लागेल.

संध्याकाळी हिने फळीवर कप लावले. कपांचे कान सगळे वेगवेगळ्या दिशांना. सगळे उतरवून पुन्हा लावले. मग आठवलं की आजपासून समाधानी राहायचं होतं. उद्यापासून.

१ सप्टेंबर, रविवार
नवं चर्च. छोटं, स्वच्छ. पाळकसाहेब तरुण आहेत, शिकायची तयारी दिसते. उपासनेनंतर दारात त्यांना प्रवचनातल्या चुका सांगितल्या. शेवटपर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता. म्हणजे मीच धरला होता.

पाळकबाईंनी हिला क्वायरमध्ये बोलावलं. हिच्या वतीने मीच सांगितलं की हिला गाता येत नाही. नंतर उगाच हसं नको. हिने हातातलं गीतपुस्तक मिटलं. तिलाही हायसं वाटलं असावं.

४ सप्टेंबर, बुधवार
दर बुधवारी पाळकांच्या घरी प्रार्थनासभा असते. इथली एक पद्धत मला फार आवडली. कुणाला काही अडचण असेल तर पाळकबाईंच्या कानावर घालायची. त्या सभेत विनंती सांगतात, पण नाव घेत नाहीत. एका भावाच्या नोकरीसाठी, एका बहिणीच्या गुडघ्यासाठी, असं. मग सगळे त्यासाठी प्रार्थना करतात. नाव विचारायचं नाही, हा नियम.

मी उठून प्रार्थना केली. चांगली लांब झाली. डोळे उघडले तर कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मिटल्या डोळ्यांनी मान खाली घालून बसलेल्या. इतकी तल्लीनता मी जुन्या मंडळीत पाहिली नव्हती. पाळकसाहेबांनी त्यांना हळूच हलवलं.

९ सप्टेंबर, सोमवार
संकल्प: आज दिवसभर हिची एकही चूक काढायची नाही.

सकाळी हिने नळ नीट बंद केला नव्हता. ते पाण्याचं नुकसान, त्याला चूक काढणं म्हणत नाहीत. मग चादरीची घडी. मग फोनवर मोठ्याने हसली. मग भाजी निवडताना देठं जास्त टाकली. यातलं एकही मी रागाने सांगितलं नाही. मी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होतो. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकायच्या आणि तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की ती उचलून बाजूला काढायची. आयुष्यभर तेच केलं. ती नजर आता काय खुंटीला टांगून ठेवू?

संकल्प दुपारी सोडला. वेळ चुकीची निवडली होती. सोमवार या कामाला बरा नाही.

११ सप्टेंबर, बुधवार
आज मन हललं. पाळकबाईंनी एक विनंती सांगितली. एका बहिणीसाठी. तिचा नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, पण सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत तिच्यात खोट काढत असतो. तिला झोप लागत नाही. त्याच्या हातात कप देताना तिचा हात थरथरतो.

मला राहवलं नाही. उभा राहिलो. म्हणालो, प्रभू, या माणसाचे डोळे उघड. ज्या बाईने त्याचं घर उभं केलं तिला तो रोज पायदळी तुडवतो आणि वर स्वतःला सज्जन समजतो. त्याला त्याचं तोंड आरशात दाखव. आमेन म्हटलं तर कुणी हलेना. पाळकसाहेब डोळे पुसत होते. शिंपीणबाई टक्क जाग्या. माझ्या प्रार्थनेत काहीतरी आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

घरी येताना हिला म्हटलं, कोण असेल गं तो माणूस. मला तो ऑर्गन वाजवणारा वाटतो, ओठ पातळ आहेत त्याचे. हिने विचारलं, तुम्हाला खरंच कळलं नाही का, ती विनंती कुणाची आहे ते. मी तिला तिथेच थांबवलं. नाव काढायचं नाही, नियम म्हणजे नियम. हिला पोटात काही ठेवता येत नाही.

चहा देताना हिच्या हातून कप पडला. कप कसा धरायचा ते शांतपणे दाखवलं. दोनदा.

१८ सप्टेंबर, बुधवार
तीच विनंती पुन्हा. त्या बहिणीला मार्ग दिसत नाही. मी म्हणालो, प्रार्थना करूच, पण जरा हातपाय हलवायला नकोत का. तिने निघावं. वेगळी खोली घ्यावी. हवं तर आपण मंडळीने मदत करावी.

पाळकसाहेब पुढे झुकले. मग विचारलं, हे तुम्ही मनापासून म्हणता? त्या नवऱ्याला जड जाईल. मी म्हणालो, जाऊ दे की. घर रिकामं झालं की त्याला कळेल बायको काय चीज होती. पाळकसाहेब उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, असं बोलायला फार मोठं मन लागतं.

ही माझ्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत. लग्नाच्या नवलाईनंतर अशी कधी बघितल्याचं आठवत नाही. नवऱ्याची किंमत चारचौघांत कळते, हेच खरं.

२१ सप्टेंबर, शनिवार
लेकीचा फोन. तिला सगळी हकिगत सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, आईला द्या फोन. दोघी स्वयंपाकघरात दार लावून बोलत बसल्या. दार इतकं जोरात ओढू नये, बिजागरी सैल होते, हे मी बाहेरून सांगितलं.

इथे मला आवडायला लागलं आहे. रस्त्यात लोक थांबून हात हातात घेतात. दूधवाल्याने सायकलवरून उतरून नमस्कार केला. जुन्या ठिकाणी मला बघून लोक रस्ता ओलांडायचे. समाधान म्हणतात ते हेच असावं.

२५ सप्टेंबर, बुधवार
त्या बहिणीला खोली मिळाली. शिंपीणबाईंच्या दुकानावरची. शिवाय त्या तिला काजं-बटणांचं काम देणार. सामान मात्र काही नाही. कोण काय देईल, असं पाळकबाईंनी विचारलं. क्षणाचाही विचार न करता उठलो. म्हटलं, लोखंडी पलंग आमचा, स्टोव्ह आमचा, खिडकीजवळची खुर्ची आमची. आणखी जे लागेल तेही आमचंच.

घरी आल्यावर हिने हळूच विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, अगं, स्वतःला लागेल असं समजून काढ. मन मोठं ठेव.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
हिने दिवसभर सामान काढलं. भांडी मोजकी, अंथरूण, आरसा, शिवणाची पेटी. चालताना गुणगुणत होती. माझी लोकरीची शाल उचलली, पुन्हा ठेवली. स्वतःची मात्र चांगली शाल गाठोड्यात घातली. मी म्हणणार होतो की परक्या बाईला इतकं कशाला, पण समाधानाचं लक्षात होतं. गप्प बसलो. गाठोडं बांधलं ते मात्र ढिलं. सोडून पुन्हा बांधून दिलं.

२८ सप्टेंबर, शनिवार
टेम्पोवाला सकाळीच आला. पलंग वर चढवायला मी स्वतः हात लावला. कंबर गेली आहे. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवला, ओल लागायला नको. दाराची कडी लेचीपेची होती. बाजारातून जाड कडी आणून आतून बसवली. शिंपीणबाईंना म्हटलं, तो गृहस्थ दाराशी आला तर तिने कडी काढायची नाही. कितीही गोड बोलू दे. असल्या माणसांना मी ओळखतो.

शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, भाऊ, असा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी म्हणालो, पाहायला मिळत नाहीतच.

२९ सप्टेंबर, रविवार
उपासना छान. बाहेर पडल्यावर ही म्हणाली, मी आता तिकडे जाते, खोलीवर. मी म्हटलं, जा. पहिल्याच दिवशी त्या बिचारीला सोबत हवी. हिने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि गेली. रस्ता ओलांडताना डावीकडे बघितलं नाही. आल्यावर सांगेन.

२ ऑक्टोबर, बुधवार
ही अजून आलेली नाही. ती बहीण फारच खचलेली दिसते. पाव खाऊन राहतोय. पातेलं घासायची पावडर कुठे ठेवलीय ती सापडत नाही. वस्तू जागच्या जागी ठेवायच्या नाहीत, ही हिची जुनी खोड.

सभेत पाळकबाईंनी सांगितलं, ती बहीण आता रात्रभर झोपते. सगळ्यात मोठ्याने आमेन मी म्हटलं. ही शिंपीणबाईंशेजारी बसली होती. शाल उलटी पांघरली होती. खूण केली. बघितलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार
शेवटी गेलो. जिना चढलो, दार वाजवलं. आतून हिने विचारलं, कोण. मी म्हटलं, मी, आता पुरे झालं, घरी चल, त्या बहिणीला म्हणावं सवय करून घे. ही म्हणाली, इथे दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, मग ती बहीण कुठाय. म्हणाली, तीच बोलतेय.

मला आधी कळलंच नाही. मग मी तिला नीट समजावून सांगितलं. तो माणूस वेगळा आणि मी वेगळा. तो खोट काढतो, मी लक्ष देतो. तो तोडून बोलतो, मी सुधारावं म्हणून बोलतो. उदाहरणं दिली. कप, नळ, बिजागरी. ती कुठे कुठे चुकली ते क्रमाने सांगितलं, म्हणजे फरक तिच्या लक्षात यावा. कडी हलवून पाहिली. चांगली बसवली आहे.

शिंपीणबाई खालून वर आल्या. म्हणाल्या, भाऊ, दुकानात गिऱ्हाईक आहे, सगळं ऐकू जातंय.

६ ऑक्टोबर, रविवार
उपासनेच्या आधीच पाळकसाहेबांना गाठलं. म्हणणार होतो की माझी फसवणूक झाली आहे, मला कुणी सांगितलं कसं नाही. तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, घर खायला उठलं असेल ना. पण ती विनंती आली त्याच बुधवारी तुम्ही सगळ्यांदेखत स्वतःचं पाप पदरात घेतलंत, तिला मोकळं करा असं स्वतःच्या तोंडाने म्हणालात, पलंग स्वतःच्या खांद्यावरून नेलात. मी पाळक असून माझ्याच्याने झालं नसतं. आज प्रवचनात तुमचंच उदाहरण घेतोय, नाव न घेता.

आता सांगायचं होतं की पाप वगैरे मी काही पदरात घेतलेलं नाही. मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होतो. शब्द जिभेवर होते. दारात ऑर्गन वाजवणारा उभा होता. त्याने येऊन माझा हात दाबला.

मान हलवली. म्हणालो, प्रभूची इच्छा.

प्रवचन ऐकलं. दोन ठिकाणी तपशील चुकला. चर्चमध्ये सगळे मागे वळून माझ्याकडे बघत होते, मायेने. ते एक बरं वाटलं. थोडा वेळ.

१२ ऑक्टोबर, शनिवार
लेक आली. स्टेशनवरून आधी तिकडे गेली. संध्याकाळी इथे आली, उभ्या उभ्या. विचारलं, आई काय म्हणते. म्हणाली, आई बरी आहे, तिचं वजन वाढलंय. मी म्हटलं, मला सांग, मी कधी तिच्यावर हात उगारला? म्हणाली, नाही बाबा. मी म्हटलं, मग? लेकीने पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, बाबा, मी सातवीत असताना माझं अक्षर सुधारावं म्हणून तुम्ही माझी वही तीनदा फाडलीत. मी अजूनही कुणासमोर लिहीत नाही. चहा न घेताच गेली.

तिचं अक्षर सुधारलं होतं, हे ती विसरली.

संकल्प: हिला परत आणायचं. सभेत उभं राहून खरं काय ते सांगायचं. येत्या बुधवारी.

१६ ऑक्टोबर, बुधवार
सभेला गेलो. सांगितलं नाही. आत शिरताच सगळ्यांनी उठून जागा दिली. अशा माणसांना काय सांगणार? आणि सांगितलं तर ही परत येईल असं कुठे आहे? उलट आहे तेही जाईल. खुर्चीत बसलो, डोळे मिटले. आज माझ्याच्याने प्रार्थना झाली नाही. लोकांना तेही आवडलं.

२० ऑक्टोबर, रविवार
ही क्वायरमध्ये उभी होती. मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी. मधे एक कडवं तिने एकटीने म्हटलं. इतक्या वर्षांत मी तिला गाताना ऐकलंच नव्हतं. आवाज चांगला आहे. खरंच चांगला आहे. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. शेवटच्या ओळीला मात्र ती अर्धा ठोका आधी सुरू झाली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण माझ्या कानाला लगेच कळलं.

एवढं सुधारलं तर उत्तम गाईल, असं सबंध रस्ताभर मनात होतं. घरी आलो, कुलूप काढलं, कोट खुर्चीवर टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायला सुरुवातही केली होती.