डल्सीसकट गाडीची उंची

हॅलिगन्स वेल,
जुलैतला रविवार

आदरणीय ग्लेनिसताईस धाकट्या रेलीनचा नमस्कार. नेव्हिलचाही घे. (तो गाडीखाली आडवा आहे. ताईला पत्र लिहितेय म्हटलं, तर बाहेर न येता त्यानं एक बूट हलवला. तोच नमस्कार समज.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस का बाटली नुसती कपाटात उभी आहे? मी बरी आहे. दाढ दुखते, पण दातांचा डॉक्टर इतका लांब बसतो की तिथं जायचं ठरेपर्यंत दाढच कंटाळून गप्प होते.

मोठी बातमी अशी, की खाऱ्या तळ्यात पाणी आलंय. खरंखुरं पाणी, ताई. आपण जन्मभर तिथं मीठच पाहिलं, तव्यासारखं सपाट नि पांढरं. यंदा उत्तरेत पूर आले. ते पाणी कोरड्या नद्यांमधून चरत चरत निघालेल्या गाईसारखं सावकाश खाली आलं. इथं आभाळात ढगाचा ठिपका नाही नि तळं भरलंय. ज्यांनी विमानातून पाहिलं ते सांगतात, सकाळच्या वेळी पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते उमगत नाही, आपण वर आहोत का खाली हेही विसरायला होतं. वर पेलिकन आलेत, हजारोंनी. ते समुद्रावर असतात, त्यांना हे कळवतं कोण? मला विमा कंपनीला एक साधी गोष्ट सांगायला आठवडा गेला, नि त्या पाखरांना निरोपाशिवाय कळतं. डिसेंबरात उन्हाळा लागला की ते पाणी वाफ होऊन जाणार. त्याच्या आत मला ते बघायचंय. काठावर बसायचं, चहा करायचा, बघायचं. दुसरं काही नको.

तर आता गाडीचं ऐक. नेव्हिलनं ती घेतली तेव्हा आम्ही दोघं ठरवून बसलो होतो, की पुढच्या हिवाळ्यात वाळवंट पार करायचं. मग तो म्हणाला, पुढं लोखंडी दांडा पाहिजे, कांगारू आडवा आला तर? दांडा लागला. मग इंजिनाला श्वास घ्यायला छतापर्यंत नळी, नदी ओलांडताना पाणी आत जाऊ नये म्हणून. (आमच्या नदीत तेव्हा सरडे झोपत होते.) मग मोठी चाकं. मग चाकं घासतात म्हणून उंच स्प्रिंगा. मग मागं पाण्याची टाकी, फ्रिज, खण, छतावर उघडमिटीचा तंबू. दर हिवाळ्यात मी विचारायचे, "निघायचं का?" आणि गाडीखालून आवाज यायचा, "एकच काम राहिलंय." या गावातले सगळे नवरे असेच. गाड्या अशा सजवतात की चंद्रावर जाऊन याव्यात, नि जातात कुठं, तर गावाबाहेरच्या कचऱ्याच्या खड्ड्यापर्यंत. खरचटेल ना!

पण खोटं कशाला बोलू, त्या गाडीनं मला हिंडवलंय. रोज ऊन कललं की मी अंगणात तिच्या स्टिअरिंगमागं बसते नि डल्सी शेजारी येते. (डल्सी म्हणजे आमचं टपाल, पेट्रोलपंप नि दारूचा गुत्ता, तिन्ही एकाच काउंटरवर चालवणारी. घेरानं ती माझ्या दुप्पट आहे.) थर्मास मधे, काचा खाली. गाडी जागची हलत नाही. समोर कुंपण, कुंपणापलीकडं लाल माती. माती हळूहळू जांभळी होते, कुंपण दिसेनासं होतं, नि मग मला शपथेवर वाटतं की आम्ही निघालो. डल्सी म्हणते, "सावकाश घे गं, पुढं वाळूची टेकडी आहे." मी सावकाश घेते. एकदा तर तिनं उतरून फाटक उघडलं, मी आत आल्यावर लावलं, परत येऊन बसली. फाटक कुठलं म्हणून मी विचारलं नाही. खालून नेव्हिल ओरडला, "कोण नाचतंय वर?"

आता तळं भरलं म्हटल्यावर मी सांगितलं, तू येतोस तर ये, मी निघाले. तो म्हणाला, "पाणी बघायला एवढ्या लांब? नळाला येतं की." मी म्हटलं, विमा झाला की जाणार. विम्याचा हट्ट बार्नीमुळं. पलीकडच्या रस्त्यावरच्या बार्नीनं गाडी ओढ्यात उलटवली आणि कंपनीनं कवडी दिली नाही, कारण चाकं बदलल्याचं त्यानं कळवलंच नव्हतं. आता तो बायकोची सायकल चालवतो, गुलाबी टोपलीसकट. नेव्हिलचं म्हणणं, "गप बस, विचारलं तरच सांग." मी म्हटलं, त्यांनी विचारायच्या आधीच सांगणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते मला नंतर कळलं.

फोनवर इमोजेन नावाची मुलगी होती. आवाजावरून वाटलं, तिनं माती फक्त कुंडीत पाहिली असेल. ती विचारायची, "अजून काही बदल?" आणि मी सांगायचे. तंबूचं सांगितलं तर म्हणाली, "त्यात झोपल्यावर वर काय दिसतं?" मी म्हटलं, बाई, हे तुझ्या कागदावर आहे का? म्हणाली, नाही, सहज. मग मी सांगितलं, की तंबूची वरची झडप उघडली की चांदण्या इतक्या खाली येतात की माणूस पाय जवळ घेऊन झोपतं. मग हळूच म्हणाली, "अजून काही बदल?"

अडलं उंचीपाशी. गाडी मूळच्यापेक्षा दोन इंच वर असेल तर चालतं, त्याहून वर गेली तर इंजिनिअरचा दाखला लागतो. इंजिनिअर शहरात, आणि त्याची तारीख मिळणार उन्हाळ्यात. म्हणजे दाखला हातात नि तळं ढगात. मी इमोजेनला विचारलं, उंची मोजायची कशी? म्हणाली, "गाडी नेहमी वापरता त्या अवस्थेत उभी करा, चाकाच्या मधल्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप धरा, फोटो पाठवा."

आता तूच सांग, इथं रिकामी गाडी कोण वापरतं? शहरात लोक हात हलवत गाडीत बसतात नि दूध घेऊन येतात. इथं माणूस शेजारच्या कुरणावर गेला तरी पाणी, तेल, दोन जादा चाकं, फावडं नि डबे घेतल्याशिवाय निघत नाही. तर आम्ही सगळं भरलं. टाकी काठोकाठ. स्प्रिंगा बसल्या. नेव्हिलनं टेप धरला आणि म्हणाला, "बोटभर जास्त." मी त्यालाच शेजारी बसवलं. (तो काटकुळा, बसला काय नि उतरला काय, स्प्रिंगेला पत्ता लागत नाही.) तो उतरून पुन्हा टेप धरतो, इतक्यात ऊन कललं नि डल्सी थर्मास घेऊन आली, रोजच्यासारखी दार उघडून बसली. गाडीनं उसासा टाकला. नेव्हिल ओरडला, "बरोब्बर! हलू नकोस, डल्सी!" ती म्हणाली, "हलायला बसलेच नाही मी."

फोटो काढला. त्यात डल्सी हात हलवतेय. मी खाली खरं ते लिहिलं, की डाव्या सीटवर डल्सी, नेहमीप्रमाणे.

परवा कंपनीचा कागद आला. विमा मंजूर, मात्र गाडी फोटोतल्या भारासह असतानाच. म्हणजे डल्सी उतरली की विमाही उतरला! मी काउंटरवर जाऊन तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "वेडी का तू? मी गेले तर गावाला पत्र, पेट्रोल नि बिअर कोण देणार? दुसऱ्या दिवशी माणसं एकमेकांना खातील." खरं आहे. मग मी अंगणात एकटीच जाऊन बसले. माती जांभळी झाली, पण कुंपण काही हलेना. एकटीनं ते होत नाही, ताई.

बाकी सगळं ठीक. मोठ्यांना नमस्कार लिहिला असता, पण आता आपल्यापेक्षा मोठं उरलंय कोण?

तुझी,
रेलीन

ता. क. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ख्रिसमसचा तुझा फोटो कपाटातून काढून मी डल्सीच्या शेजारी धरून पाहिला. तुझं वजन पुरेल. तू डाव्या सीटवर बसलीस की आपण कायद्यानं तळ्यापर्यंत जाऊ शकतो. नेव्हिलही म्हणतो, स्प्रिंगेच्या दृष्टीनं तू उत्तम आहेस. त्याच्या तोंडून बाईमाणसाचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत इमोजेनचा फोन आला. म्हणाली, माणूसच पाहिजे असं नाही, वाळूची पोती ठेवली तरी विमा लागू. नेव्हिल लगेच पोती भरायला उठला. मी त्याला परत गाडीखाली पाठवलं.

ता. क. तिसरा. तुझ्या रॉडनीनं फोन केला होता. रॉसभाऊजी गेल्यापासून आई पडदे उघडत नाही, भाजी आणायलासुद्धा खाली उतरत नाही, असं म्हणाला. मला गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून स्प्रिंगांचं लिहिलं. बसनं पोर्ट ऑगस्टाला ये. तिथून गुरुवारी टपालाचा ट्रक सुटतो, त्यात ड्रायव्हरशेजारची जागा मी तुझ्या नावानं धरलीय. यायचं नसेल तर तसं पत्र टाक. पण ते पत्रही त्याच ट्रकनं यायचं, त्याच्या शेजारी तुझी जागा रिकामी दिसायची, नि ट्रक दारात उभा राहीपर्यंत मी चहा ठेवलेला असायचा. तेव्हा पत्र टाकू नकोस. चप्पल घाल.