सरदार आणि सत्तर अंश

३ फेब्रुवारी, मंगळवार
पेपरात बर्ड फ्लूची बातमी. गल्लीत घबराट. मी शांत. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहायक आहे, शिवाय खेड्यातला, कोंबड्यांत वाढलेला. घराची जबाबदारी घेतली. नियम लिहून फ्रिजला चिकटवले. कच्च्या मांसाची सुरी वेगळी. अंडं बलक घट्ट होईपर्यंत उकडायचं. मांसाच्या आत सत्तर अंश भरल्याशिवाय पातेलं उतरवायचं नाही. चौथा नियम फक्त मला: साथ टळेपर्यंत चिकन बंद.

परसातला कोंबडा नवसाचा. लेकीला, सोनालीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला तर लक्ष्मीआईला कोंबडा, असं बोललो होतो. मिळाला. दिवाळीत बाजारातून पिल्लू मीच पारखून आणलं. वीस तारखेला गावी न्यायचा. त्यामुळे लळा लावायचा नाही, नाव ठेवायचं नाही.

सोनालीची आई म्हणाली, तलंग हाय ती, अंडी घालंल, कोंबडा न्हाय. हसलो. वाद घातला नाही.

५ फेब्रुवारी, पहाटे साडेपाच
आरवला! स्पष्ट ऐकलं. हिला उठवून सांगितलं. शेजारच्या भीमाशंकरच्या मोबाइलचा गजर हाय त्यो, म्हणाली आणि कूस बदलली.

८ फेब्रुवारी, रविवार
चिकन स्वस्त झालंय. माझा नियम कायम. पण चिकनवाला बसू दुकानात एकटाच माशा हाकलत बसलेला, बघवेना. सर, सकाळपासून तुमीच पयले, म्हणाला. तो मला सर म्हणतो. अर्धा किलो घेतलं. केवळ प्रयोगासाठी.

शाळेतला थर्मामीटर आणलाच होता. तुकड्यात खुपसला. तुकडा चिवट. जरा जोर लावला. रश्श्यात काच.

सगळं पातेलं ओतून द्यावं लागलं. सोनाली म्हणाली, आप्पा, बर्ड फ्लूला तर येऊ द्या की, त्याच्या आधी तुमीच माराल आमाला. पिठलं खाल्लं. चौथा नियम मोडला नाही, ही समाधानाची गोष्ट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सरदारला सकाळी तळहातावर ज्वारी घालतो. (हाक मारायला काहीतरी लागतंच.) हा लळा नव्हे, निरीक्षण. डोळे स्वच्छ, तुरा लाल, भूक उत्तम. नंतर साबणानं वीस सेकंद हात धुतो. आज विसरलो, तो खांद्यावर बसला होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
देवापुढे बसलो असताना विचार आला. अशा दिवसांत कोंबडा गावी नेऊन वीस माणसांना जेवू घालणं योग्य का? पुढे ढकलावं. लक्ष्मीआई समजूतदार आहे. हे सरदारसाठी नाही, लोकांच्या आरोग्यासाठी.

सोनालीच्या आईला सांगितलं. म्हणाली, देवीला कशाला म्होरं करताय? तुमच्यानं तिची मान कापवत न्हाय, तसं सांगा की.

'तिची' म्हणाली. दुरुस्त केलं नाही. पण शब्द म्हणजे शब्द. शुक्रवारी जाणारच. गावी धाकट्या भावाला, बिरुदेवला, फोन करून कळवलं: असा कोंबडा पंचक्रोशीत नसेल.

रात्रीचं जेवण गेलं नाही. पोटाचं काहीतरी असावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी सहा
टोपली घेऊन परसात गेलो. सरदार खोक्यात बसलेला. उठेना. ज्वारी दाखवली, तरी उठेना. साथ! माझ्याच घरी! मास्क लावला, तोही उलटा. सोनालीला हाक मारली. लक्ष्मीआई, याला वाचव, असं मोठ्यानं म्हणालो. नवस फेडायच्या दिवशी. भीमाशंकरनं भिंतीवरून ऐकलं असणार.

सोनालीनं हातमोजे घालून सरदारला उचललं. खाली अंडं. अजून गरम.

सोनालीची आई दारात उभी होती. अंडं बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. एवढं कधी लागलं नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी
बिरुदेवला फोन केला. नवस कोंबड्याचा, तलंग चालत नाही, तेव्हा आज येत नाही. तो बराच वेळ हसत होता. म्हणाला, दादा, तरी या की, कोंबडा कसा असतोय ते दावतो.

देवीची क्षमा मागितली. सुटल्यासारखं वाटलं, त्याचीही मागितली.

अंडं नियमाप्रमाणे दहा मिनिटं उकडलं. मला खाववलं नाही. सोनालीनं खाल्लं. बलक घट्ट होता.

फ्रिजवरच्या कागदावर सोनालीच्या आईनं पाचवा नियम लिहिलाय: नवसाचा कोंबडा आणायला ह्यांनी जाऊ नये. वाचला. खाली सही केली.